गीची आणि एल. व्ही. यांना ऐकताना

आज एकच गाणं घेऊन बसायचं आहे. जेमतेम तीन मिनिटांचं. ते आपण पुन्हा पुन्हा ऐकणार आहोत, आणि दर वेळी कान निराळ्या ठिकाणी ठेवणार आहोत. फोनवर ऐकणार असाल तर पडदा पालथा ठेवा. पाठ टेकवा. श्वास जसा चालला आहे तसा चालू दे. डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही, फक्त उठायची घाई नको.

गाण्याचं नाव ‘लास्ट काइंड वर्ड्स ब्लूज’. एप्रिल 1930 मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्राफ्टन या लहानशा गावी ते ध्वनिमुद्रित झालं. गाणारी गीची वायली, आणि शेजारी दुसरी गिटार घेऊन बसलेली एल्व्ही थॉमस. दोघी काळ्या. टेक्सासमधल्या ह्यूस्टनहून सुमारे 1,900 किलोमीटरचा प्रवास करून उत्तरेला आलेल्या. पॅरामाउंट कंपनीने त्यांच्या एकूण तीन तबकड्या काढल्या, म्हणजे सहा बाजू, सहा गाणी. त्यांतल्या प्रत्येक तबकडीच्या आज जगात दहाहून कमी प्रती शिल्लक असल्याचं माहीत आहे. या सहा गाण्यांपलीकडे दोघींचा आवाज कुठेही नाही.

सुरुवातीला एवढं पुरे. आता लावा.

आधी खरखर येईल. कान तिला ओलांडून पुढे गाण्याकडे धावेल, कारण आपल्याला तशी सवय आहे. या खेपेला त्याला धावू देऊ नका. खरखरीतच थोडा वेळ थांबा. ती सारखी नाही हे हळूहळू कळेल. मध्ये मध्ये ठिपक्यांसारखे आवाज येतात, मध्येच एखादी लाट येते, आणि खाली एक सलग फुसफुस चालूच राहते.

ही खरखर म्हणजे ती तबकडी स्वतः. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या त्या तबकड्या लाखेच्या असत. लाख, दगडाची बारीक भुकटी आणि काळा रंग यावा म्हणून काजळी असं मिश्रण गरम करून साच्यात दाबलं की तबकडी तयार. त्या काळात जगभर वापरली जाणारी बहुतेक लाख भारतातून जात असे, मुख्यतः छोटा नागपूरच्या पठारावरून. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर किडे ती तयार करतात आणि माणसं ती खरवडून काढतात. मिसिसिपीच्या काठचं दुःख ज्या द्रव्यावर कोरलं गेलं, ते बहुधा आपल्याकडच्या रानातून गेलेलं होतं. ते खरवडणाऱ्या हातांची नावंही कुणी लिहून ठेवलेली नाहीत.

पॅरामाउंटची तबकडी मात्र मुळातच निकृष्ट होती. कंपनी खुर्च्यांची. पोर्ट वॉशिंग्टन या गावातली विस्कॉन्सिन चेअर कंपनी फर्निचर बनवायची. फोनोग्राफची लाकडी कपाटं बनवता बनवता ती स्वतः फोनोग्राफ विकू लागली, आणि फोनोग्राफ खपावेत म्हणून तबकड्या काढू लागली. 1922 पासून तिने काळ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळी मालिका सुरू केली. या प्रकाराला तेव्हा ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत. माल स्वस्तात पडावा म्हणून मिश्रण हलकं वापरलं जाई, त्यामुळे कोऱ्या तबकडीवरही सुई खरखरायची. चार्ली पॅटन, सन हाउस, स्किप जेम्स यांच्यासारखे गायक ग्राफ्टनलाच येऊन गाऊन गेले, आणि त्यांचंही गाणं याच हलक्या मालावर उतरलं. खुर्च्या विकणाऱ्यांना आपण काय साठवतो आहोत याची जाणीव होती असं त्यांच्या वागण्यावरून तरी दिसत नाही. मंदी आली, खप कोसळला, 1932 मध्ये ध्वनिमुद्रण बंद पडलं. धातूचे मूळ साचे भंगारात गेले. चिडलेल्या कामगारांनी काही साचे आणि तबकड्या मिलवॉकी नदीत फेकल्या अशीही एक आख्यायिका आहे. 2006 मध्ये एका टीव्ही कार्यक्रमासाठी पाणबुडे नदीत उतरले होते. हाती काही लागलं नाही.

म्हणून आपल्यापर्यंत आलं ते लोकांच्या घरांतून आलं. कुणीतरी पैसे मोजून ही तबकडी घेतली, घरी नेली, पोलादी सुई ठेवून वाजवली आणि पुन्हा पुन्हा वाजवली. प्रत्येक खेपेला सुई थोडी लाख खरवडून नेत होती. गाणं आवडलं नसतं तर तबकडी इतकी झिजली नसती. खरखरीचा काही भाग त्या अनोळखी घरातल्या आवडीचा आहे, हे मनात धरून एकदा शेवटपर्यंत ऐका.

थोडं थांबा. खोलीतले आवाज परत येऊ देत.

आता दुसऱ्यांदा लावा, आणि कान गीचीच्या आवाजावर ठेवा. सुरुवातीची गिटार मायनर सुरात येते आणि लगेच अंगावर सावली पडल्यासारखं होतं. ब्लूज या अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गानप्रकाराचा तो ठरलेला बारा बारचा साचा इथे सापडत नाही. ओळीच्या शेवटी आपण ज्या वळणाची वाट बघतो ते वळण येत नाही. आवाज मोठा नाही, विनवणारा नाही. ती कुणाला पटवून देत नाही. जे घडलं ते सांगून टाकावं तशी गाते, आणि त्यामुळेच ऐकणाऱ्याला मान वळवता येत नाही.

शब्द सगळे कळले नाहीत तरी चालेल. जुन्या झिजलेल्या तबकडीवर ते अमेरिकन कानांनाही नीट लागत नाहीत, त्यावर वाद चालतात. पण आशय असा आहे: जवळच्या माणसाने जाण्याआधी जे शेवटचं मायेचं बोललं, ते ती सांगते आहे. तो माणूस तिचा बाप की तिचा पुरुष? ब्लूजमध्ये एकाच हाकेने दोघांनाही हाक मारता येते आणि गाणं ते उलगडून दाखवत नाही. तो म्हणतो, जर्मनांशी चाललेल्या लढाईत मी मेलो तर मला पुरू नका, उघड्यावर ठेवा, गिधाडांना खाऊ द्या.

इथे गाणं थांबवा. हे मागणं सोबत घेऊन जरा वेळ बसा.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेने काळ्या तरुणांना मोठ्या संख्येने सैन्यात घेतलं. युरोपात पोचलेल्यांपैकी बहुतेकांच्या हाती बंदूक आली नाही. जहाजं रिकामी करणं, रस्ते बांधणं, खंदक खणणं हे त्यांचं काम. आणि युद्ध संपल्यावर 1919 मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर घाईघाईने पुरलेले अमेरिकी सैनिक उकरून काढायचे, त्यांची ओळख पटवायची आणि त्यांना मोठ्या दफनभूमीत नीट पुरायचं, हे कामही मुख्यतः काळ्या पलटणींकडेच आलं. महिनोन् महिने. ते लोक घरी परतले तेव्हा काय बोलले असतील, ओसरीवर, दारूच्या गुत्त्यात, चर्चबाहेर? गाण्यातला ‘मला पुरू नका’ म्हणणारा माणूस कल्पनेतला असेल. पण मेलेल्याला जमिनीत ठेवण्याचं काम म्हणजे काय हे ज्यांना हातांनी ठाऊक होतं, अशी माणसं तेव्हा दक्षिणेतल्या काळ्या वस्त्यांत राहत होती. हे ध्यानात घेऊन मी ती ओळ ऐकते तेव्हा गिधाडं मला भीषण वाटत नाहीत. तो माणूस आपल्या देहाबाबत निदान एक गोष्ट स्वतः ठरवू पाहतो आहे, असं वाटतं.

गाणं पुन्हा चालू करा. पुढे स्टेशन येतं, मग मिसिसिपी येते, खोल आणि रुंद, आणि पलीकडच्या काठावरून दिसणारा एक चेहरा. नदीच्या कोणत्या काठावर जिवंत माणसं आहेत हे मला कधीच ठरवता आलेलं नाही. तुम्हीही ठरवू नका. गीची ते सांगते तेव्हा तिचा आवाज जिथे आहे तिथेच राहतो, वर जात नाही. हे गाणाऱ्याला फार कठीण असतं. दुःखाच्या ओळीला गळा आपोआप फुलतो, पट्टी चढते. ती चढू देत नाही.

आता तिसऱ्यांदा. आणि या वेळी गाणाऱ्या बाईकडे अजिबात लक्ष देऊ नका.

हे अवघड जाईल. आवाज सारखा ओढून नेईल. प्रत्येक खेपेला सावकाश परत या आणि दुसरी गिटार शोधा. कित्येक ऐकणाऱ्यांना इथे एकच गिटार आहे असं वाटतं, इतक्या दोन्ही एकमेकींत मिसळल्या आहेत. एकीचा स्वर संपतो तिथे दुसरीचा आधीच पोचलेला असतो. एक पुढे जाते, दुसरी खालून धरून राहते. ओळ संपल्यावर श्वास घ्यायला जी जागा उरते, तिथे ती कधी दिसते, कधी पुन्हा नाहीशी होते. सापडली की तिच्याबरोबर राहा. तबकडी गीचीच्या नावावर आहे. ही दुसरी बाई आपल्याला फक्त बोटांतून ऐकू येते.

तिच्याबद्दल आता सांगते, कारण आता ऐकायला जागा झाली आहे.

ती 1891 मध्ये ह्यूस्टनला जन्मली, म्हणजे ग्राफ्टनला गेली तेव्हा चाळिशीला आलेली होती. तिचं नाव एल्व्ही नव्हतं. ती एल. व्ही. थॉमस. नुसती दोन अक्षरं, तेच नाव. कंपनीतल्या कुणीतरी ती ऐकली आणि तबकडीवर ‘एल्व्ही’ छापलं. पुढची अनेक दशकं संग्राहक, अभ्यासक आणि रसिक त्या छापील नावाच्या बाईचा शोध घेत राहिले. गीचीच्या नावावरूनही तर्क चालले. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या काळ्या लोकांना गीची म्हणतात, म्हणून ती तिकडची असेल असा कुणी कयास बांधला. कुणी तिला मिसिसिपीत नेऊन बसवलं. तिचा म्हणून खात्रीने दाखवता येईल असा एक फोटोसुद्धा नाही, तेव्हा कल्पनेला मोकळं रान होतं.

या सगळ्यात एल. व्ही. थॉमस ह्यूस्टनमध्येच राहत होती. ती हरवलेली नव्हती. शेजारी तिला ओळखत होते, चर्चमधली माणसं ओळखत होती. ब्लूज तिने सोडून दिलं होतं आणि ती धर्माकडे वळली होती. दक्षिणेतल्या काळ्या बाप्टिस्ट समाजात ही गोष्ट साधी नव्हती. ब्लूज ही सैतानाची गाणी, असं मानणारे लोक तिथे पुष्कळ होते. चर्चच्या बाकावर बसायचं तर गुत्त्यातली गिटार खाली ठेवावी लागे. तिने ठेवली.

1961 मध्ये मॅक मॅकॉर्मिक नावाचा संशोधक तिच्यापर्यंत पोचला. ती सत्तरीत होती. तिने त्याला पुष्कळ सांगितलं. स्वतःचं खरं नाव, गीचीचं खरं नाव लिली मे वायली, ‘गीची’ हे टोपणनाव आपणच ठेवलेलं, आणि 1933 च्या सुमारास टेक्सासमध्ये आपण तिला शेवटचं पाहिलं, हे सगळं. संग्राहक ज्या प्रश्नांवर रात्री जागवत होते त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्या एका बाईने सरळ देऊन टाकली होती. मॅकॉर्मिकने ती लिहून घेतली आणि आपल्या कागदपत्रांत ठेवून दिली. त्याचा संग्रह इतका अवाढव्य आणि आवाक्याबाहेरचा झाला होता की तो स्वतःच त्याला राक्षस म्हणे. नोंदी तिथेच पडून राहिल्या.

त्यानंतरची दोनतीन वर्षं डोळ्यांसमोर आणा. 1963 मध्ये जुना ब्लूज गायक मिसिसिपी जॉन हर्ट सापडला, तोही त्याच्याच एका जुन्या गाण्यात त्याच्या गावाचं नाव होतं म्हणून. 1964 मध्ये स्किप जेम्स इस्पितळात सापडला, सन हाउस रॉचेस्टर शहरात. तिघांच्या हाती पुन्हा गिटार आली, न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवाचा मंच मिळाला, तरुण गोऱ्या श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. ह्यूस्टनमधल्या सत्तरीच्या बाईकडे कुणी आलं नाही. आलं असतं तर ती गायली असती का? बहुधा नसती, असं मला वाटतं. पण तिला विचारायला हवं होतं. तिला कोणीतरी येऊन सांगायला हवं होतं की तुमचं गाणं ऐकून लोक अजून खोलीत गप्प बसून राहतात. 1979 मध्ये ती गेली.

आणि गाणं आपल्या वाटेने पुढे गेलं. 1994 च्या ‘क्रम्ब’ या माहितीपटात व्यंगचित्रकार रॉबर्ट क्रम्ब ही तबकडी लावून ऐकत बसतो, त्या दृश्यातून ते कित्येकांच्या कानावर पहिल्यांदा पडलं. 2014 मध्ये जॉन जेरेमाया सलिव्हन यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या नियतकालिकात दोघींवर प्रदीर्घ लेख लिहिला आणि एल. व्ही. थॉमसने 1961 मध्ये सांगितलेलं जगासमोर आलं. मधली त्रेपन्न वर्षं गेली होती. 2015 मध्ये गायिका रायनन गिडन्स यांनी आपल्या ‘टुमॉरो इज माय टर्न’ या संग्रहाची सुरुवात याच गाण्याने केली.

सलिव्हन यांच्या त्या लेखामागे एक सल आहे आणि ती टाळून पुढे जाऊ नये. मॅकॉर्मिकच्या घरातल्या त्या नोंदींची छायाचित्रं त्याच्या परवानगीवाचून घेतली गेली होती. म्हाताऱ्या माणसाच्या विश्वासाला ती इजा होती. मला ते चूकच वाटतं. पण एका बाईने भरवशाने सांगितलेली आपली हकीकत अर्ध्या शतकाहून अधिक काळ कपाटात ठेवणं, तेही मला तितकंच चूक वाटतं. मॅकॉर्मिक 2015 मध्ये वारला, त्याचे कागद पुढे स्मिथसोनियनच्या संग्रहालयात गेले. दोन्ही चुकांची वजाबाकी करून काही शिल्लक काढता येईल असं मला वाटत नाही. दोन्ही मनात राहू देत.

आता गाणं बंद आहे. काही क्षण तसंच बसा आणि स्वतःला एक प्रश्न विचारा. उत्तराची घाई करू नका. या दोघींकडून मला काय हवं आहे?

पहिलं उत्तर बहुधा त्यांच्या आयुष्याबद्दल असेल. गीचीचं पुढे काय झालं, ती कुठे मेली, कुणाबरोबर राहिली, तिच्याबद्दल जे ऐकू येतं ते खरं का. ही उत्सुकता वाईट नाही. आवाज आवडला की माणूस हवासा वाटतो. पण त्या उत्सुकतेकडे जरा लांबून पाहा. या दोघींनी आपल्याला सहा गाणी दिली आणि बाकी काही दिलं नाही. कोणतंही आश्वासन दिलं नाही, कोणतीही आठवण लिहिली नाही, मंचावर येऊन हात हलवला नाही. आपण ज्याला त्यांचं विस्मृतीत जाणं म्हणतो, त्या वर्षांत एल. व्ही. थॉमस रविवारी चर्चला जात होती, स्वयंपाक करत होती, म्हातारी होत होती. ती वर्षं रिकामी नव्हती. आपल्याला त्यांची माहिती नव्हती, एवढंच.

हे उमगलं की ऐकण्यातली एक गाठ सैल होते, असा माझा अनुभव आहे. गाण्याला पुरावा म्हणून ऐकणं थांबतं. प्रत्येक ओळीत गीचीचं चरित्र शोधणं थांबतं. बाप की पुरुष, कोणता काठ, कोणतं स्टेशन, हे प्रश्न राहतात, पण ते गाण्याचे प्रश्न म्हणून राहतात.

अजून एक बाजू ऐका, शेवटची. ‘पिक पुअर रॉबिन क्लीन’. आधीच्या गाण्यानंतर ही ऐकली की धक्का बसतो. हे खेळकर, चटपटीत, तमाशावजा खेळांच्या मंचावरून आलेलं गाणं आहे, आणि इतरांनीही ते गायलं होतं. सुरुवातीला दोघी एकमेकींना हाक मारतात, विचारपूस करतात, रस्त्यात भेटलेल्या मैत्रिणींसारख्या. मग गाऊ लागतात, आणि या वेळी दोघी मिळून गातात. रंगवलेला संवाद आहे, श्रोत्यांसाठी केलेला, हे खरं. तरीही त्या हाकांमध्ये सवय आहे. पुष्कळ रात्री एकत्र वाजवलेल्या माणसांची सवय. खुर्च्यांच्या कंपनीच्या त्या खोलीत, परक्या गोऱ्या माणसांसमोर, घरापासून इतक्या लांब दोघी आपापसात काय बोलत असतील याचा थोडा अंदाज मला या बाजूवरून येतो. यात काही शोधू नका. फक्त दोघींचे आवाज वेगळे ओळखता येतात का पाहा, आणि ओळखता आले की मग पुन्हा एकत्र ऐका.

नंतर कुणाला ही गाणी ऐकवाल तर एक करा. ‘तीच ती अज्ञात ब्लूज गायिका’ असं म्हणू नका, आणि एकीचंच नाव सांगू नका. लिली मे वायली, जिला मैत्रीण गीची म्हणायची. आणि एल. व्ही. थॉमस. तबकडीवर काहीही छापलेलं असो, तिने स्वतः सांगितलं होतं तेच नाव सांगा.